मिनोसायक्लिनवर अडीच वर्षे: आमवात उसळला की औषध उलटले?

वय ४६, वजन ६१ किलो, राहणार महाल, नागपूर. घरीच ब्लाउज शिवण्याचे काम. आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, निदान होऊन तीन वर्षे झालेली आणि त्यातली अडीच वर्षे मिनोसायक्लिन १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या दाखवायला आल्या तेव्हा तक्रार एवढीच होती: "सकाळी मूठच मिटत नाही जी. कैची धरता येत नाही. गोळ्या तं मी टायमावर घेऊन राहिली."

मागणीही सरळ होती: गोळीची ताकद वाढवून द्या. ती वाढवली नाही. आधी दुसरेच काहीतरी बदलले, त्याचा फायदाही झाला, आणि त्या फायद्याच्या समाधानात एक मोठी गोष्ट सात आठवडे नजरेआड राहिली. शेवटी औषध पूर्ण बंद करावे लागले. यातली प्रत्येक पायरी तपासण्यासारखी आहे.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. दीर्घकाळ मिनोसायक्लिन घेणाऱ्यांमध्ये जे दिसते ते शिकवण्याच्या हेतूने एका रुग्णाच्या रूपात जुळवून मांडले आहे आणि तपासण्यांचे आकडेही त्याच बेताने घेतले आहेत. वाचून कोणी आपापल्या गोळ्या कमीजास्त करू नयेत. ते काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांसोबत बसूनच व्हायला हवे.

अँटिबायोटिक इथे आले कसे

निदानाच्या वेळी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या ठळक पॉझिटिव्ह होत्या. पहिल्यांदा मेथोट्रेक्सेट दिले गेले. आठवड्याला १५ मिलिग्रॅम, पहिल्याच आठवड्यापासून, आणि सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चिठ्ठीवर असूनही कधी घेतलीच गेली नाही. दर वेळी दोन दिवस उलट्या. चौथ्या आठवड्यानंतर त्यांनी साफ नकार दिला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने डोळे जातात असे शेजारी कोणीतरी सांगितले होते, म्हणून तेही नको. मग मिनोसायक्लिन सुरू झाले. घरच्यांना हे बरे वाटले, कारण ते 'साधे अँटिबायोटिक' होते आणि मुरुमांसाठी भाचीलाही दिलेले होते.

मिनोसायक्लिन आमवातात जंतू मारण्यासाठी देत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आमवातामागे मायकोप्लाझ्मासारखा जंतू असावा हा विचार अमेरिकेतल्या थॉमस मॅकफर्सन ब्राउन यांनी अनेक वर्षे धरून ठेवला, पण तो सिद्ध झाला नाही. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनीही १९४० च्या सुमारास आमवात संसर्गातून होतो असे धरूनच सल्फासलाझिन घडवून घेतले. कारण चुकीचे निघाले तरी ते औषध टिकले, आजही वापरात आहे. मिनोसायक्लिनचेही तसेच. कूर्चा कुरतडणाऱ्या मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या एन्झाइमना ते आवर घालते, सूज वाढवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी करते. म्हणजे इथे त्याचे काम सूज शमवण्याचे आहे.

उपयोगाचा पुरावाही आहे, पण त्याची कक्षा ओळखून बोलले पाहिजे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मिरा चाचणीत २१९ रुग्ण होते, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ४८ आठवडे. सांध्यांची सूज ५४ टक्के रुग्णांत कमी झाली, नुसती दिसायला तशी असलेली बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्के. फरक खरा, पण माफक. नवा आणि सेरोपॉझिटिव्ह, म्हणजे रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेला, आजार असलेल्यांत निकाल अधिक चांगला आला. २००१ च्या, ६० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी मिनोसायक्लिन हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपेक्षा सरस ठरले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २००८ आणि २०१२ च्या शिफारशींत ते होते. २०१५ पासून नाही, कारण वापर तुरळक आणि नवा पुरावा आला नाही. आजच्या घडीला मध्यम किंवा तीव्र आजारात पहिले औषध मेथोट्रेक्सेट. मिनोसायक्लिनवर बरे चाललेला रुग्ण समोर आला तर ओढून काढायची घाई नको, पण त्याच्यावर लक्ष ठेवण्याची शिस्त मेथोट्रेक्सेटइतकीच कडक हवी असे आमचे ठाम मत आहे. 'साधे अँटिबायोटिक' या दोन शब्दांनी ती शिस्त सैल पडते.

या रुग्णात सुरुवात चांगली झाली. आजाराची तीव्रता सीडीएआयने मोजली होती. ही मोजणी सोपी आहे: ठरलेल्या २८ सांध्यांपैकी दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, रुग्णाने स्वतः दिलेले ० ते १० मधले गुण आणि डॉक्टरांनी दिलेले गुण, या चारांची बेरीज. १० पर्यंत आजार सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सुरू करताना ९, ७, ६ आणि ५ मिळून २७. नऊ महिन्यांनी २, १, २ आणि १ मिळून ६. त्यानंतर वर्षभर त्या फिरकल्याच नाहीत. बरे वाटत होते, आणि जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या मिळत होत्या. यकृताची शेवटची तपासणी औषध सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यातली. एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटली आहे का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सुरुवातीला केलेच नव्हते. ही उणीव पुढे नडली.

एप्रिल: वाटीतल्या गोळ्या

सीडीएआय: ६ दुखरे, ५ सुजलेले, त्यांचे गुण ५, डॉक्टरांचे ४. एकूण २०. सकाळचा ताठरपणा सव्वा तास. सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या सीआरपी २२ आणि ईएसआर ४४, हिमोग्लोबिन ९.६, यकृताचा त्रास दाखवणारे एएलटी ५८ (प्रयोगशाळेची मर्यादा ४०).

मात्रा वाढवण्याचा प्रश्न लगेच निकालात निघाला. ज्या चाचण्यांवर हे औषध उभे आहे त्या सगळ्या दिवसाला २०० मिलिग्रॅमवर झाल्या. त्यावर चढण्याला आधार नाही, चक्कर आणि यकृताचा त्रास मात्र वाढू शकतो. मग पुढचा प्रश्न: लिहून दिलेले २०० मिलिग्रॅम रक्तात पोहोचते तरी आहे का?

हे विचारून कळत नाही. "गोळ्या वेळेवर घेता का" या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात आणि ते खरेही असते. त्यांना पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितले आणि सकाळ उठल्यापासूनचा क्रम विचारला. स्टीलच्या एका वाटीत सकाळच्या सगळ्या गोळ्या काढून ठेवायच्या: मिनोसायक्लिन, लोहाची गोळी, कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलिग्रॅम, पित्त होऊ नये म्हणून दोन चमचे अँटासिड. सात वाजता दुधाच्या चहासोबत सगळे एकदम पोटात. रात्रीची मिनोसायक्लिन हळदीच्या दुधाबरोबर, कारण हळद सांध्यांना चांगली. लोह आणि कॅल्शियम जानेवारीत सुरू झाले होते, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होऊन अशक्तपणा आला म्हणून. ताठरपणा परतला फेब्रुवारीच्या शेवटी.

मिनोसायक्लिन धातूंच्या आयनांना धरून बसते. लोह, कॅल्शियम, अँटासिडमधले अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्याशी आतड्यात त्याची अशी गाठ पडते की ती शोषलीच जात नाही. जुन्या टेट्रासायक्लिनपेक्षा मिनोसायक्लिनला जेवणाचा अडथळा कमी, म्हणून पुष्कळदा 'कशाबरोबरही घ्या' असे सांगितले जाते. जेवणापुरते ते चालते. पण दुधाने शोषण साधारण पाव भागाने घटते आणि लोहाने तर जवळपास तीन चतुर्थांश. या घरात सकाळच्या गोळीतला फार तर पाव भाग कामी येत होता. गाठ दोन्ही बाजूंनी पडते, त्यामुळे लोहही वाया जात होते. तीन महिने लोह घेऊनही फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप, ८ होते. आमवातासारख्या सुजेच्या आजारात फेरिटिन उलट वाढलेले दिसते, तेव्हा ८ म्हणजे लोहाची टंचाई निर्विवाद. विदर्भात अशा रक्तक्षयात सिकलसेलची तपासणी करून टाकावी, ती केली, निगेटिव्ह आली.

वेळापत्रक नवे केले. उठल्यावर सात वाजता मिनोसायक्लिन, एक पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून, आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ही कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे व्रण करते, म्हणून रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गिळणे वाईट. दुधाचा चहा आठ वाजता. लोहाची गोळी अकराला लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दोन वाजता जेवणात. मिनोसायक्लिनची दुसरी गोळी संध्याकाळी सातला, हळदीचे दूध हवे तर दहाला. अँटासिड बंद, कारण पित्ताचे मूळ डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक होते. त्या ते रोज दोनदा घेत होत्या. तेही बंद केले. एएलटी ५८ चा दोषही डायक्लोफिनॅकच्या माथी मारून विषय मिटवला.

चूक इथे झाली. दुधाचे आणि लोहाचे कारण इतके चपखल बसले की शोध तिथेच थांबला. ज्या रुग्णाने टेट्रासायक्लिन गटातले औषध अडीच वर्षे घेतले आहे आणि ज्याचे एएलटी वाढले आहे, त्याची एएनए आणि त्वचेची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी होती. साडी घोट्याच्या वर करून पाय पाहिलेसुद्धा गेले नाहीत. यकृताची तपासणी चार आठवड्यांनी पुन्हा करा असे चिठ्ठीवर लिहिले, ती झाली नाही.

मेचा शेवट, नवतपा

नव्या वेळापत्रकाने सूज खरोखर उतरली. मधल्या फोनवर त्यांनी सांगितले की बोटांचे सांधे 'बारीक' झाले, अंगठी पुन्हा जाते. पण त्याच सुमारास चक्कर सुरू झाली आणि मग अंग दुखू लागले, संध्याकाळी कणकण. बाहेर पारा ४५ अंशांवर. घरच्यांनी धरले की लू लागली. पन्हे, कांद्याचा रस, दुपारी ओले पंचे. तीन आठवडे याच समजुतीत गेले. पंखा लावून दिवसभर घरात बसलेल्या बाईला उन्हाची चक्कर तीन आठवडे टिकत नाही, पण नागपुरात मे महिन्यात हा विचार पटकन डोक्यात येत नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू असताना त्या पुन्हा आल्या. १५ सांधे दुखरे, सुजलेले फक्त २. त्यांचे गुण ७, डॉक्टरांचे ४, एकूण २८. नुसती बेरीज पाहिली तर आजार सुरुवातीपेक्षाही वर गेलेला दिसतो आणि कोणीही म्हणेल की मिनोसायक्लिन निकामी ठरले, पुढचे जोरकस औषध द्या. पण बेरीज फोडून पाहिली तर चित्र वेगळे आहे. आमवात उसळतो तेव्हा दुखणे आणि सूज हातात हात घालून वाढतात. इथे सूज ५ वरून २ वर आली होती आणि दुखणे ६ वरून १५ वर गेले होते. रक्तातही तीच विसंगती: ईएसआर ६२, पण सीआरपी जेमतेम ७. एप्रिलमध्ये २२ होता. ईएसआर चढा आणि सीआरपी शांत ही जोडी दिसली की ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणाऱ्या, आजाराचा विचार मनात आलाच पाहिजे.

चक्कर आधी तपासली. आडवे असताना रक्तदाब १२४/७८, उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी ११८/७६. म्हणजे पाणी कमी पडल्याची चक्कर नव्हे. खोली गरगरत नव्हती, पण चालताना "बसमधून उतरल्यावर हलल्यासारखं" वाटत होते. कानाने नीट ऐकू येत होते. मिनोसायक्लिन आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला त्रास देते, स्त्रियांना अधिक. ही चक्कर सहसा पहिल्या काही दिवसांत सुरू होते, इथे अडीच वर्षांनी कशी? कारण जानेवारीपासून शरीर पाव-अर्ध्या मात्रेवर होते, आणि एप्रिलमध्ये वेळा सुधारल्यावर पूर्ण २०० मिलिग्रॅम एकदम परतले. वेळापत्रक बरोबर होते. ते लावताना पहिले दोन आठवडे ५० मिलिग्रॅम दोनदा देऊन मग वर न्यायला हवे होते.

चकरेबरोबर डोकेही दुखत होते, म्हणून बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा पाहून घेतला. टेट्रासायक्लिन गटामुळे मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढू शकतो, आणि तो वेळेत ओळखला नाही तर दृष्टी जाऊ शकते. डोकेदुखी, क्षणभर दिसेनासे होणे, कानात ठोके ऐकू येणे यांपैकी काहीही असले तर हे त्याच दिवशी करावे. अशा वेळी सोबत अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा किंवा मुरुमांचे आयसोट्रेटिनोइन चालू आहे का हेही विचारावे. इथे पडदा ठीक निघाला.

मग पाय पाहिले. दोन्ही नडग्यांवर निळसर राखी डाग, कडा पुसट, दाबल्यावर न फिके पडणारे. त्यांना वाटत होते शिलाई मशीनच्या पायट्याचा मार. डाव्या अंगठ्यावर जुन्या कैचीच्या जखमेचा वण होता, दीड सेंटिमीटर, आणि नेमकी ती रेघ शाईने आखल्यासारखी निळीकाळी झाली होती. मिनोसायक्लिनचा रंग असाच जुन्या वणात भरतो. सावळ्या त्वचेवर नडगीचे डाग नजरेतून सुटतात, म्हणून हिरड्या, टाळू, नखांचा मूळभाग आणि डोळ्याचा पांढरा भाग खिडकीजवळ नेऊन, उन्हाच्या उजेडात पाहावा. हिरड्यांवरही निळसर पट्टा होता. हे सारे एका महिन्यातले नव्हते, एप्रिलमध्येही असणारच.

रक्ताचे अहवाल दोन टप्प्यांत आले. एएलटी १३२, एएसटी १०४, बिलिरुबिन साधारण. डायक्लोफिनॅक सात आठवडे बंद असूनही एएलटी दुपटीहून वर गेले, तेव्हा डायक्लोफिनॅक निर्दोष. उन्हाळ्यात दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई कावीळ, तसेच बी आणि सी, सगळे निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी ३,४००. ताप असल्याने चिकनगुनियाचे आयजीएम आणि छातीचा एक्स-रे केला. दोन्हींत काही नाही. एएनए १:६४०, म्हणजे ठळक पॉझिटिव्ह, होमोजीनियस नमुन्याचे. प्रतिकारशक्तीच्या इतर तपासण्यांत अँटी-डीएसडीएनए निगेटिव्ह, अँटी-हिस्टोन निगेटिव्ह, पी-अँका पॉझिटिव्ह, सी३-सी४ आणि लघवी ठीक.

या जुळणीवर थोडे थांबू. औषधाने होणाऱ्या ल्युपसमध्ये अँटी-हिस्टोन पॉझिटिव्ह असते असे पाठ्यपुस्तकात शिकवतात, आणि ते निगेटिव्ह आले की पुष्कळ जण निदान सोडून देतात. मिनोसायक्लिनच्या ल्युपसमध्ये अँटी-हिस्टोन बहुतेकदा निगेटिव्हच असते. पी-अँका पुष्कळदा पॉझिटिव्ह असते, आणि यकृताचा दाह सोबत दिसतो. बहुधा तो वर्ष-दोन वर्षे औषध घेतल्यावर उगवतो. दुसरी अडचण आमवाताची: आमवाताच्या अनेक रुग्णांत एएनए मुळातच पॉझिटिव्ह असते. सुरुवातीचे एएनए हाताशी असते तर १:६४० चा अर्थ एका नजरेत लागला असता. ते नव्हते, म्हणून बाकी पुराव्यांची मोट बांधावी लागली.

मात्रा कमी करून काय सुटते

रुग्णाच्या भावाने एक छापील कागद आणला होता: सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी एक दिवसाआड मिनोसायक्लिन. 'बंद कशाला, कमी करू' हा त्याचा प्रश्न रास्त होता. एक दिवसाआडची पद्धत जंतूच्या जुन्या सिद्धान्तातून आली आहे. चाचण्यांत गुण दिसला तो रोजच्या २०० मिलिग्रॅमचा. पण खरे उत्तर त्याहून महत्त्वाचे आहे.

चक्कर मात्रेवर चालते: कमी करा, कमी होते. त्वचेचा रंग बहुतांशी आजवर पोटात गेलेल्या एकूण साठ्यावर चालतो: कमी केल्याने वेग मंदावतो, आलेला डाग जात नाही. ल्युपस आणि यकृताचा प्रतिकारशक्तीतून होणारा दाह यांना मात्रेशी देणेघेणे नाही. शरीराने औषधाला ओळखून त्याच्याविरुद्ध फौज उभी केली की ५० मिलिग्रॅमनेही ती उठते. थांबवून पुन्हा दिले तर ताप आणि सांधेदुखी काही तासांत किंवा दिवसांत परत येऊ शकते, म्हणून 'एकदा पाहू' म्हणून पुन्हा देणे नको. नुसती चक्कर असती तर आम्ही ५० मिलिग्रॅमवर आणून पाहिले असते. इथे औषध त्याच दिवशी पूर्ण थांबवले. स्टेरॉइडसारखे पायरीपायरीने उतरवावे लागत नाही.

बंद केल्यानंतर

पहिले दहा दिवस स्टेरॉइड मुद्दाम दिले नाही. दिले असते तर बरे वाटले ते औषध थांबल्याने की स्टेरॉइडने, हे कधीच कळले नसते, आणि पुढच्या आयुष्यभराची नोंद त्या उत्तरावर अवलंबून होती. पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. कावीळ, गडद लघवी, श्वास लागणे किंवा छातीत दुखणे झाले तर रात्री-अपरात्री या, हे कुटुंबाला स्पष्ट सांगितले. हे दहा दिवस अवघड गेले. शिवणकाम बंद होते आणि लग्नसराईच्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या.

चक्कर तिसऱ्या दिवशी गेली. ताप सहाव्या दिवशी. दहाव्या दिवशी दुखरे सांधे ९, एएलटी ९०. सुजलेले सांधे मात्र २ वरून ४. ल्युपस ओसरू लागला आणि त्याच्याखालचा आमवात, आता कुठल्याच औषधाविना, डोके वर काढू लागला. हे अपेक्षितच होते. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेला आमवात ल्युपस सापडला म्हणून नाहीसा होत नाही.

मग प्रेडनिसोलोन: १० मिलिग्रॅम दोन आठवडे, ७.५ दोन आठवडे, ५ चार आठवडे, २.५ चार आठवडे, बंद. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ६१ किलोला ३०५ बसते, म्हणून रोज ३००. ते यकृतावर भार टाकत नाही, दोन्ही आजारांना चालते. डोळ्यांची भीती घालवायला वेळ द्यावा लागला: धोका वर्षानुवर्षांच्या आणि जास्त मात्रेचा, म्हणून पहिल्या वर्षातच एकदा पडदा तपासायचा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. सुरू करण्याआधी नडग्या, हिरड्या आणि अंगठ्याचा वण यांचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून, एकाच खिडकीच्या उजेडात काढले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विननेही नडगीवर निळसर राखी डाग येतात. फोटो नसेल तर वर्षभराने डाग जुन्या औषधाचा की नव्याचा हा वाद सुटत नाही.

जूनअखेर सीडीएआय १५, एएलटी ५१. जुलैअखेर एएलटी २९, पांढऱ्या पेशी ५,२००. ऑगस्टच्या मध्याला एएलटी २७. दोनदा साधारण आल्यावरच मेथोट्रेक्सेटचा विषय काढला. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे गर्भाला अपाय होण्याचा प्रश्न नव्हता. या वेळी ७.५ मिलिग्रॅमपासून, दर दोन आठवड्यांनी २.५ ने चढवत १५ पर्यंत. रात्रीच्या जेवणानंतर, बुधवारी. वार त्यांनीच निवडला: बुधवारी बाजाराचा दिवस विसरत नाही. शुक्रवारी फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम. घरातल्या कॅलेंडरवर सहा महिन्यांचे बुधवार लाल पेनाने गोल केले, कारण ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. उलटी झाली नाही, फक्त गुरुवारी सकाळी तोंड कडवट. 'मला मेथोट्रेक्सेट चालत नाही' हा तीन वर्षे फाइलवर बसलेला शिक्का पूर्ण मात्रेने एकदम सुरुवात आणि न घेतलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी यांतून आला होता. तो वेळीच तपासला असता तर मिनोसायक्लिनच्या वाटेला जावेच लागले नसते.

रक्त, यकृत आणि क्रिएटिनिनची तपासणी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, मग दोन-तीन महिन्यांनी. हेही जमले नाही तर पुढे सल्फासलाझिन लागेल, म्हणून जी६पीडी या एन्झाइमची तपासणी आधीच करून ठेवली, साधारण आली. नोव्हेंबरअखेर सीडीएआय ८, एएनए १:१६० वर उतरलेले. ते पूर्ण निगेटिव्ह व्हायला आणखी वेळ लागू शकतो आणि त्यासाठी दर महिन्याला तपासण्याची गरज नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर

तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहिल्या, आणि त्याच एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवायला दिल्या. मिनोसायक्लिन पुन्हा कधीही नाही, कारण ल्युपस आणि यकृतदाह. मेथोट्रेक्सेट चालू असेपर्यंत लघवीच्या जळजळीसाठी को-ट्रायमॉक्साझोल नाही, कारण दोन्ही मिळून अस्थिमज्जा बंद पाडू शकतात. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक दुकानातून परस्परही घेतले जाते.

तिसऱ्या ओळीवर सर्वांत जास्त विचार झाला. 'टेट्रासायक्लिनची अ‍ॅलर्जी' असे लिहिणे सोपे होते, पण नागपूरच्या रुग्णासाठी ते धोक्याचे ठरू शकते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, माणसे दगावली होती, आणि त्यावरचे मुख्य औषध डॉक्सिसायक्लिन आहे, त्याच गटातले. मिनोसायक्लिनसारखा ल्युपस डॉक्सिसायक्लिनने क्वचितच होतो. म्हणून ओळ अशी लिहिली: डॉक्सिसायक्लिन मुरुम वा किरकोळ कारणासाठी टाळावे. स्क्रब टायफससारखा जिवावरचा आजार असल्यास थोड्या दिवसांसाठी देण्यास हरकत नाही, यकृतावर लक्ष ठेवावे.

नडग्यांचे डाग नोव्हेंबरच्या फोटोत किंचित फिके आहेत, अंगठ्याच्या वणातली निळी रेघ जशीच्या तशी. असे रंग उतरायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि काही राहूनही जातात. पुढचा फोटो मे महिन्यात, त्याच खिडकीत, त्याच पट्टीशेजारी.